अंगाला लावण्याआधी

पावसजवळच्या आमच्या घरामागे रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एक झाड आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते न्हाणीघराच्या कौलांना टेकलं होतं, आता त्याची सावली विहिरीपर्यंत जाते. त्या झाडाखाली सासूबाईंनी मला मुठेल करायला शिकवलं. औषधनिर्माणशास्त्राची पदविका मी माहेरूनच घेऊन आले होते आणि पुढे २६ वर्षं एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. दिवसभर मलमाच्या ट्यूबा द्यायच्या आणि संध्याकाळी घरी यावं तर सासूबाई कुणाच्या तरी पायाला काहीतरी चोळत बसलेल्या. या दोन्हींचा मेळ बसायला मला बरीच वर्षं लागली.

कोकणात कातडीची दुखणी उदंड. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अंग ओलं, कपडे ओले, लावणीच्या दिवसांत पाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात. चिखल्या, नायटे, खरूज ही सगळी मंडळी त्याच दिवसांत येतात. पावसाळा सरला की थंडीत टाचा फुटतात आणि फाल्गुनापासून घाम, आंब्याचा चीक आणि काजूचं तेल सुरू होतं. उपायही याच मातीतले : करंज, टाकळा, कोरफड, हळद, आमसूल, उंडी, कडुनिंब. त्या उपायांनी काही माणसं बरी झालेली मी पाहिली आणि काहींची कातडी त्याच उपायांनी सोललेलीही पाहिली. दोन्हींतून जे शिकले ते इथे लिहिते.

१. झाड ओळखा आणि त्याची भावकीही ओळखा

आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. आमच्या जिल्ह्याचं पोट ज्या दोन झाडांवर चालतं, ती बिब्ब्याची सख्खी भावंडं आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काजूच्या टरफलात जे काळपट, दाट तेल असतं त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही द्रव्यं असतात. कातडीला ती भाजतात. आंब्याच्या देठाशी असलेल्या चिकात आणि बिब्ब्यातही त्याच घराण्यातली द्रव्यं आहेत. एकदा का शरीराने यांपैकी एकाशी वैर धरलं, की दुसऱ्या भावंडालाही ते शत्रूच समजतं.

एका उन्हाळ्यात एक बाई गुडघ्यावर मोठमोठे फोड घेऊन दुकानात आल्या. गुडघा दुखत होता म्हणून कुणीतरी बिब्बा घालायला सांगितला होता आणि तो उतला होता. बिब्बा पुष्कळांना उततो, पण इतका का, म्हणून मी त्यांचे हात पाहिले. बोटांची पेरं काळी पडलेली, नखांच्या कडा सोललेल्या. काजूच्या कारखान्यात सोलणीला जायच्या. त्यांच्या कातडीची या कुळाशी आधीच ओळख झालेली होती, आणि ती चांगली ओळख नव्हती.

तेव्हापासून कुणी कातडीची तक्रार घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : काजू सोलता का? आंब्याच्या काढणीला जाता का? सोलणीला बसणाऱ्या बायका आधी हाताला एरंडेल लावतात किंवा राख चोळतात. ही पद्धत शहाणपणाची आहे, कारण तेलाचा थर काजूच्या तेलाला कातडीपर्यंत सहज पोचू देत नाही. हातमोजे मिळाले तर त्याहून उत्तम. आंबा उतरवताना देठ ठेवूनच उतरवावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यासाठीच नूतन झेला काढला. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, फळाला डाग पडत नाही आणि काढणाऱ्याचा हातही वाचतो. चीक लागलाच तर वाळू न देता साबणाने लगेच धुवावा. लहान मुलांनी आंब्याचं टोक दातांनी तोडून चोखण्याआधी देठाकडचा चीक पिळून टाकावा, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत आहे. ते कातडीशास्त्रच आहे.

२. कातडीला आधी ओलावा द्या

मुठेल म्हणजे रातांब्याच्या बियांतलं घट्ट तेल. मालवणकडे यालाच भिरंडेल म्हणतात. रातांब्याच्या सालीची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि उरलेल्या बिया सासूबाई राखेत घोळून, धुऊन अंगणात वाळवायच्या. कामाची घाई संपली की त्या फोडायच्या, आतला मगज उखळात कुटायचा आणि पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास उकळायचा. हळूहळू वर तवंग धरतो. भांडं रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पाण्यावर पांढऱ्या सायीसारखा थर थिजलेला असतो. तो हाताने गोळा करायचा आणि मुठीत दाबून त्याचा गोळा वळायचा. मुठीत होतं म्हणून मुठेल, असं सासूबाई सांगायच्या. त्या गोळ्यावर त्यांच्या चार बोटांचे ठसे उमटलेले असायचे.

हे तेल साधारण चाळीस अंशांना वितळतं. म्हणून रत्नागिरीच्या मे महिन्यातही तो गोळा घट्टच राहतो आणि लावण्याआधी पळीत वितळवून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी मी घाईघाईने वितळवलेलं मुठेल तशाच कोरड्या टाचेवर लावायला गेले. सासूबाईंनी हात धरला. "अगो, पाय आधी भिजू दे. कोरड्या भेगेत तेल घालून काय होणार?"

त्या जे सांगत होत्या त्याचं कारण मला पुस्तकात सापडलं. तळपायाला तेलाच्या ग्रंथी नसतात. तिथल्या जाड कातडीतलं पाणी उडालं की ती कडक होते आणि चिरते. मुठेल पाणी आणून देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवायचे, टिपायचे आणि लगेच कोमट मुठेल भेगांत भरायचं. वरून सुती मोजे. आठ-दहा दिवस न चुकता केलं तर टाच मऊ पडते. एक इशारा मात्र विसरू नका. ज्यांना मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्या पायावर गरम काहीच सोडायचं नाही. भाजलेलं त्यांना कळत नाही. त्यांची भेग डॉक्टरांनीच पाहायला हवी.

सालीला बाजार आहे, बियांना नाही म्हणून पुष्कळ घरी त्या फेकल्या जातात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात बागांतून लागली आहे. फेकल्या जाणाऱ्या त्या बीमध्ये साधारण पाव हिस्सा तेल असतं. सौंदर्यप्रसाधनांचे कारखाने तेच तेल विकत घेतात.

३. रस, काढा, तेल आणि अर्क ही चार निरनिराळी औषधं आहेत

"हळद लावली, काही झालं नाही," असं कुणी म्हटलं की मी विचारते, कशात कालवून लावली? हळदीचा पिवळा गुण ज्या कुर्क्युमिनमध्ये आहे ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात किंवा मद्यार्कात ते उतरतं. उलट आमसुलाची आंबट आम्लं पाण्यात सहज उतरतात, तेलात उतरत नाहीत. एकाच झाडाचं पान पाण्यात उकळलं तर त्यातून एक गोष्ट निघते, तेलात तळलं तर दुसरी, मद्यार्कात भिजवलं तर तिसरी. त्यामुळे "कडुनिंब लावा" हा सल्ला अपुरा आहे. पान की बी? वाटून की उकळून? बियांचं तेल आणि पानांचं पाणी यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट टिकण्याची. ज्यात पाणी आहे ते नासतं. वाटलेला लेप, काढा, कोरफडीचा गर हे त्याच दिवशी वापरून उरलेलं टाकायचं. एकदा कोरफडीचा गर मी बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला होता. आठवड्याने वरून ठीक दिसत होता, कडेला बारीक काळे ठिपके धरले होते. ज्या कातडीवर आधीच जखम आहे तिच्यावर आपण ती बुरशीच लावणार होतो. कोरफडीचं पान कापल्यावर ते उभं धरून त्यातला पिवळा चीक निथळू द्यावा, हेही महत्त्वाचं. तो चीक पुष्कळांच्या कातडीला चुरचुरतो. पानाच्या आतला पारदर्शक गर तेवढा घ्यायचा.

४. ओल्या जागेवर तेल ओतू नका

ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही. सासऱ्यांच्या पोटरीवर इसब होतं. पावसाळ्यात ते चिघळलं, त्यातून पाणी पाझरू लागलं. मी करंजाचं तेल आणि हळद कोमट करून दोन वेळा चोळू लागले. करंजेल कृमिनाशक, हळद जंतुनाशक, मग बिघडणार काय, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी पोटरी लालबुंद, सुजलेली, आणि सासरे रात्रभर जागे. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा जागा पिकलेली होती.

त्यांनी मला एक साधी गोष्ट समजावली. कातडी कोरडी, खवल्यांची असेल तर तिला तेल-तूप हवं. ती ओली, पाझरती असेल तर आधी तिला कोरडं करायला हवं. स्वच्छ सुती कापडाची घडी गार पाण्यात भिजवून, पिळून, त्या जागेवर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. पाझर थांबला की मग मलम. तेल पाझर आत कोंडतं. चोळण्याने कातडीचा उरलासुरला पडदाही जातो. सासरे पंधरा दिवसांत बरे झाले, पण त्या चार रात्रींचा त्रास माझ्या हातून झाला होता. रोगाचं नाव कळण्याआधी त्याची अवस्था पाहायची, हे तेव्हापासून अंगी बाणलं.

५. नायट्याशी धीराने वागा आणि ट्यूबवरचं नाव वाचा

पहिल्या पावसाबरोबर आमच्याकडे बांधाबांधावर टाकळा उगवतो. त्याची भाजी आम्ही खातो. बिया भाजून कॉफीसारख्या पिणारीही घरं आहेत. नायट्यावर टाकळ्याच्या बिया वाटून लावण्याचा रिवाज जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. या बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्याच्या जवळची द्रव्यं आहेत. प्रयोगशाळेत ती बुरशीला रोखतात.

याच द्रव्यांची एक गोष्ट आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर 'गोवा पावडर' मिळायची. लोकांना वाटे ती गोव्याची. खरं तर ती ब्राझीलच्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली भुकटी होती, पोर्तुगिजांच्या व्यापारातून गोव्यात आलेली. तिच्यातलं द्रव्य टाकळ्यातल्या द्रव्याचं जवळचं नातलग. पुढे ती सोरायसिसवर चालते असं डॉक्टरांना दिसलं आणि १९१६ मध्ये तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे औषध कारखान्यात तयार झालं. आजही सोरायसिसवर ते वापरतात. झाडाच्या भुकटीपासून नेमक्या मात्रेच्या औषधापर्यंतचा हा रस्ता आहे. भुकटीने कातडी भाजत असे, मात्रा ठरल्यावर भाजणं आटोक्यात आलं.

आजचा नायटा मात्र पूर्वीचा राहिलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी पसरली. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. ती पसरण्यामागचं एक मोठं कारण मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं. माझ्या भावाला एका दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली होती. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली, तो खूश. ट्यूब थांबवली की नायटा पुन्हा उसळायचा. सहा महिन्यांत जांघेतून पोटापर्यंत वेढे गेले आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढुरके चरे उठले. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल लिहिलेलं होतं. हे जहाल स्टेरॉइड आहे. ते लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मात्र मोकळं रान देतं. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी लोकांच्या घरच्या डब्यांत ती आहेतच.

म्हणून माझं सांगणं असं : नायटा लहान, नवा, एकच असेल तर जागा कोरडी ठेवा, कपडे उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा करा आणि बुरशीचं साधं मलम बरं दिसू लागल्यावरही काही आठवडे चालू ठेवा. दोन-तीन ठिकाणी असेल, घरात इतरांना असेल, तर टाकळा वाटत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ट्यूबवर 'बेटामेथासोन', 'क्लोबेटासॉल', 'मोमेटासोन' यांपैकी काही दिसलं तर ती नायट्यावर लावू नका. खरजेचंही तसंच. करंजेलाने खाज कमी होईल, पण आतला किडा घरभर फिरत राहतो. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं आणि अंथरूण-पांघरूण त्याच दिवशी धुतलं, तरच खरूज घराबाहेर जाते.

६. काही रस उन्हाची वाट पाहत असतात

मे महिन्यात घरी मुंज होती. दोनशे माणसांच्या सरबतासाठी मी आणि जाऊबाईंनी मांडवाच्या कडेला बसून लिंबं पिळली. दुपारचं ऊन हातांवर होतं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी बोटांच्या मागे आणि मनगटावर ओघळांच्या आकाराचे लाल पट्टे उठले, जाऊबाईंना फोडही आले. नंतर ते पट्टे तपकिरी झाले आणि गणपतीपर्यंत पुसट पुसट दिसत राहिले.

लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. कातडीवर ती असताना ऊन पडलं की कातडी भाजते. अंजिराच्या चिकातही ती असतात. बावचीत तर भरपूर. बावची पांढऱ्या डागांवर, म्हणजे कोडावर, शेकडो वर्षं वापरली जाते ती याच गुणासाठी. आधुनिक वैद्यकातही सोरालेन देऊन मोजून-मापून अतिनील किरणं देण्याचा उपचार कोडावर आणि सोरायसिसवर आहे. त्यात किरणांचा डोस सेकंदांनी मोजतात. एका मुलीने घरी वाटलेली बावची चेहऱ्याला लावली आणि भर दुपारी गच्चीवर बसली. तिच्या गालावर उठलेले फोड मी विसरू शकत नाही. गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लिंबू चोळून बाहेर पडणाऱ्या मुलींना माझी हात जोडून विनंती आहे : हे करू नका.

७. आपोआप जाणारं दुखणं औषधाला श्रेय देऊन जातं

अंगावर पित्त उठलं की कोकणात पहिली धाव आमसुलाकडे. आमसुलं पाण्यात कोळायची आणि ते तांबडं पाणी अंगाला लावायचं. मलाही लहानपणी लावलं आहे. ते गार पाणी अंगावरून ओघळलं की जीव शांत होतो, खाज निवते. पण पित्ताची प्रत्येक गांधी साधारण २४ तासांच्या आत आपली आपणच विरते, हा तिचा स्वभाव आहे. आमसूल लावलं तरी जाते, न लावलं तरी जाते. मी आजही ते लावते, आराम देणारा उपाय म्हणून. पित्ताचं कारण त्याने जातं असं मी कुणाला सांगत नाही.

हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण एखाद वेळी पित्त अंगावरच थांबत नाही. ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला, चक्कर आली, तर आमसूल कोळायला बसायचं नाही. जी गाडी मिळेल ती काढून दवाखाना गाठायचा. सहा आठवड्यांहून जास्त दिवस पित्त उठत राहिलं, तरीही तपासून घ्यायचं.

८. बाळाच्या अंगाला आपला नियम लावू नका

खोबरेलात कापूर घालून खाजेवर लावायचं, हा घरोघरचा उपाय. मोठ्या माणसाला तो चालतो. तान्ह्या बाळाला आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना कापूर लावू नये. त्यांच्या कातडीतून तो आत शिरतो, थोडासा पोटात गेला तरी आकडी येऊ शकते. कडुनिंबाच्या बियांचं तेल तर बाळाच्या तोंडाजवळही नको. झाडाचं आहे, घरचं आहे, याने बाळ वाचत नाही.

मोठ्यांसाठीही मी एक पद्धत पाळते. नवं काहीही असो, तेल, लेप की विकतचं वनौषधी मलम, ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावायचं. दिवसातून दोनदा, आठवडाभर. एकदाच लावून पाहणं पुरत नाही, कारण कातडीचा राग पुष्कळदा चार-पाच दिवसांनी बाहेर येतो. हाच नियम मेंदीला. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तांबडा चढतो. लावणीनंतर पायांच्या चिखल्यांना ती लावायची आपली रीत चांगली आहे. पण तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'त केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. लग्नाच्या हौसेपायी त्याने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

९. ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, त्याला तेल लावून वेळ घालवू नका

सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी कडू कवठ नावाचं झाड आहे. त्याच्या बियांचं तेल चौलमोगऱ्याच्या तेलाच्या घराण्यातलं. कुष्ठरोगावर दुसरं काही नव्हतं तेव्हा जगभर याच तेलांचा आधार होता. ते पोटात घेतलं तर मळमळायचं, टोचलं तर गाठी व्हायच्या. १९१५ च्या सुमारास हवाईत अ‍ॅलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी त्या तेलाला टोचता येईल असं रूप दिलं. चोविसाव्या वर्षी त्या वारल्या, त्यांचं श्रेय फार उशिरा त्यांच्या पदरात पडलं. पुढे १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. कडू कवठाने आपलं काम केलं आणि त्याहून चांगलं औषध आल्यावर ते बाजूला झालं. यात झाडाचा अपमान नाही.

दुकानात एक काका पाठीवरच्या फिकट चट्ट्यासाठी तेल मागायला आले होते. सुरमा असेल असं त्यांना वाटत होतं. मी कापसाच्या टोकाने चट्ट्यावर आणि मग बाजूच्या कातडीवर हलकेच स्पर्श केला. बाजूचा कळला, चट्ट्यावरचा कळला नाही. मी तेल दिलं नाही, त्यांच्याबरोबर सरकारी आरोग्य केंद्रापर्यंत गेले. औषधं तिथे फुकट मिळाली, सहा महिन्यांत उपचार पुरे झाले. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर स्पर्श कमी, घाम येत नाही, केस गळलेले. एवढं दिसलं तर लाज सोडून दाखवायचं. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, आणि ती पुन्हा सरळ करणं कठीण असतं.

१०. जे माहीत आहे ते लिहून ठेवा, चुकलेलंही

१९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे तेव्हाचे महासंचालक, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही लढाई जिंकली ती कागदावर. जुन्या ग्रंथांत आणि नियतकालिकांत लिहिलेलं होतं म्हणून ते पुरावा ठरलं. "आमच्या आजीला माहीत होतं" एवढ्यावर ती जिंकता आली नसती.

ते वाचल्यावर मी एक वही घातली. तीत पाच रकाने आहेत : झाड, त्याचा कुठला भाग, कसं काढलं, कुणाला कशासाठी लावलं आणि काय झालं. सासूबाईंना मी संध्याकाळी प्रश्न विचारायचे, त्या दिव्याच्या वाती वळता वळता सांगायच्या. सुरुवातीला त्या फक्त बरं झालेलंच सांगत. एका संध्याकाळी मी सासऱ्यांच्या पोटरीची ओळ वाचून दाखवली : करंजेल व हळद, ओलं इसब, चौथ्या दिवशी पिकलं, चूक माझी. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही मग. माझ्या धाकट्या दिराला बिब्बा घातला होता. अंग सुजलं होतं त्याचं. चूक माझी, असं लिही." पन्नास वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून शेवटचा रकाना भरू लागला, आणि वही खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. बरं झालेल्याच्या कहाण्या गावभर फिरतात. न मानवल्याच्या कहाण्या घरातच मिटतात, आणि पुढच्या माणसाला त्यांचीच जास्त गरज असते.

सासूबाई आता नाहीत. यंदाच्या मुठेलाचा पहिला गोळा मी वहीशेजारी बशीत ठेवला आहे, त्यावर माझी चार बोटं उमटली आहेत. वहीत नोंद केली : रातांबा, बी, पाण्यात उकळून, टाचेसाठी, भिजलेल्या पायावर. शेवटचा रकाना अजून कोरा आहे. तो भरायला लेकीला बसवणार आहे.